बब्रुवानचं गोड जेवण

साखर कायमची बंद, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा बब्रुवान घोडके खुर्चीतल्या खुर्चीत गार पडला. गूळ चालेल का, असं त्यानं चाचरत विचारलं. नाही. मग निदान आठवड्यातून एखादा गुलाबजाम? बाईंनी चष्म्यावरून असं बघितलं की पुढं खव्याचा पेढा विचारायची त्याची छाती झाली नाही. सोमवारी परत रक्त तपासायला या, एवढंच त्या म्हणाल्या. बब्रुवाननं त्याचा सोयीचा अर्थ लावला, की म्हणजे सोमवारपर्यंत मोकळीक आहे.

असा अर्थ दुसऱ्या कुणी लावला असता तर त्याला वेड्यात काढलं असतं. पण बब्रुवानची गोष्ट वेगळी. एसटीत कंडक्टर म्हणून त्यानं सगळी नोकरी काढली आणि जिल्ह्यातला एकही स्टँड असा ठेवला नाही, जिथलं कँटीन त्यानं चाखलं नाही. कुठल्या हॉटेलातला भट्टीवरचा वस्ताद बदलला हे त्याला भज्याच्या पहिल्या घासाला कळायचं. आणि कळलं की तो बोलायचा. मालकासमोर, गिऱ्हाइकांसमोर, मोठ्या आवाजात. खोटं बोलेल तर शपथ. धाराशिवातले हॉटेलवाले त्याला घाबरून असायचे आणि तो आला की जातीनं टेबलापाशी यायचे. या धाकाचं त्याला मनातून फार कौतुक होतं, हेही सांगून टाकलेलं बरं.

निवृत्तीनंतर त्याला त्याच्याच तोडीचे तीन सोबती मिळाले. एक योगीराज गुरुजी, हायस्कुलातून निवृत्त झालेले, जेवताना घड्याळ काढून ठेवणारे. दुसरा बंडप्पा, उमरग्याकडचा, इथं तेलाचं दुकान चालवणारा आणि कट्टर शाकाहारी. तिसरी निकिता, कोर्टात नवी नवी वकिली करणारी पोरगी, जी हॉटेलात ताट आलं की आधी त्याचा फोटो काढायची आणि बब्रुवानच्या शिव्या खायची. चौघांचा फोनवर एक ग्रुप होता, 'जिभेचे लाड' नावाचा. साखरबंदीची बातमी या ग्रुपवर पडली आणि तिथं सुतक पडल्यासारखं झालं.

मग निकितानंच डोकं चालवलं. काकांनी साखरेला निरोप असातसा द्यायचा नाही. रविवारी दुपारी बाराला सुरू करायचं आणि सोमवारी दुपारी बाराला संपवायचं. चोवीस तास, एकट्या धाराशिव शहरात, एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात. गुरुजी म्हणाले, "आठ प्रहर, आठ ठिकाणं." बब्रुवाननं तर लगेच एसटीच्या भाषेत फेऱ्या ठरवायला घेतल्या. पहिली फेरी जेवणाची, दुसरी भज्याची, तिसरी चहा-खारीची, आणि शेवटची, काही झालं तरी, गुलाबजामची.

अडचण एकच होती. धाराशिव हे गाव रात्री झोपतं. पुण्या-मुंबईच्या माणसाला हे खरं वाटणार नाही, पण इथं दहानंतर शटर पडलं की चहासुद्धा ओळखीवर मिळतो. "मधल्या टायमाला काय करायचं?" बंडप्पानं विचारलं. कुणी स्टेशनवरच्या चहाचं नाव काढलं, कुणी बायपासच्या ढाब्याचं. ढाबा शहरात धरायचा का बाहेर, यावर गुरुजी आणि निकिता हमरीतुमरीवर आले. "मटणाच्या फेरीला म्या गाडीत बसून ऱ्हातो, पण गाडीत वास आणायचा न्हाय," अशी अट बंडप्पानं घातली. बब्रुवान हे सगळं ऐकत होता आणि सुखानं डुलत होता.

फक्त एकदा त्याचा चेहरा उतरला. निकितानं सहज विचारलं, "काका, तुमची सगळ्यात आवडती चीज कुठली? ती आधी धरू."

"येसराची आमटी," तो म्हणाला, आणि लगेच, "पण ती कुठल्या हाटेलात मिळत न्हाय. सोड."

येसर म्हणजे भाजलेलं धान्य आणि मसाले दळून केलेलं पीठ. त्याची आमटी घरोघर होते, पण बब्रुवानला हवी होती ती एकाच घरची, लोहाऱ्याच्या, त्याच्या धाकट्या भावाच्या बायकोच्या हातची. त्या घरात सात वर्षं त्याचं पाऊल पडलं नव्हतं.

झालं होतं ते असं. भाऊ रामहरी, त्याची एकुलती एक लेक समृद्धी, तिचं लग्न. मांडवात व्याह्यांची पहिली पंगत बसली. मोठा चुलता म्हणून बब्रुवान मानानं मधोमध बसला होता. आमटी वाढली गेली, त्यानं भुरका मारला आणि हात थांबला. आमटीत मीठच नव्हतं. दुसऱ्या कुणी हळूच वाढप्याला खुणावलं असतं. बब्रुवान भर पंगतीत ओरडला, "रामहरी, आमटी केलीस का म्हशीचं आंबोण रं? मीठ इसरून लगीन लावतुयास व्हय?" पंगत खदखदून हसली. व्याही तर ठसका लागेपर्यंत हसले. रामहरी मिठाचं भांडं घेऊन आला आणि पाहुण्यांच्या पानात स्वतःच्या हातानं मीठ वाढत गेला, खाली मान घालून. लेक सासरी गेली, मांडव मोकळा झाला, तेव्हा तो बब्रुवानसमोर येऊन उभा राहिला. "आण्णा, तुमची जीभ तुमच्यापाशी. माझ्या उंबऱ्याला आता तुमचे पाय नकोत."

बब्रुवानला मिटवता आलं असतं. गिरिजाबाई, त्याची बायको, कितीदा म्हणाली, एकदा जाऊन चुकलो म्हणा. पण मीठ खरंच नव्हतं ना! खरं बोललो त्याची माफी कसली मागायची, या एका वाक्यावर तो अडून बसला तो बसलाच. आणि मग जिल्हाभरच्या हॉटेलांत, ढाब्यांत, खानावळीत जाऊन येसराची आमटी मागवायची आणि दोन घासांत वाटी सरकवून द्यायची, हा त्याचा उद्योग झाला. भाऊ आठवतो असं तो कधी म्हणाला नाही. आमटी बरोबर नाही, एवढंच म्हणायचा.

शनिवारी संध्याकाळी निकितानं ग्रुपवर एक रंगीत निमंत्रण टाकलं. मधोमध बब्रुवानचा फोटो, इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध. भोवती झेंडूच्या फुलांची महिरप. वर मोठ्या अक्षरात नाव आणि खाली मजकूर. बब्रुवानचा चष्मा नेहमीप्रमाणे हरवलेला होता. अक्षरं काही लागली नाहीत, पण फोटो झकास दिसत होता. इतक्या मानानं आपला फोटो लग्नातसुद्धा कुणी काढला नव्हता, असं त्याला वाटलं. त्यानं तो फोनच्या स्टेटसला लावून दिला, सगळ्यांनी बघावा म्हणून. मग फोनचा आवाज बंद करून तो चार्जिंगला लावला, कारण गुरुजी एकसारखे पदार्थांचे फोटो धाडत होते आणि गिरिजाबाईचा पारा चढत होता. दुसऱ्या दिवसासाठी पोट हलकं हवं म्हणून नुसतं ताक पिऊन तो लवकर झोपला.

रविवारी सकाळी मंडळी बब्रुवानच्या ओसरीवर जमली, शेवटची बोलणी करायला. बंडप्पानं गाडी धुऊन आणली होती. बब्रुवान नव्या शर्टात, तेल लावून भांग पाडून, नवरदेवासारखा बसला होता. ढाबा शहरात की बाहेर हा वाद परत सुरू झाला होता, तेवढ्यात गिरिजाबाई आतून आली. तिच्या हातात तिचा फोन होता आणि चेहरा पांढराफटक.

"आरोहीचा फोन हाय पुण्यावरनं. पोरगी रडायलीय. बाबानी स्टेटसला काय ठेवलंय इचारतीय."

"काय ठेवलंय? माझा फोटो ठेवलाय."

"घ्या चष्मा. देवळीत व्हता. वाचा आता."

बब्रुवाननं चष्मा लावला, चार्जिंगचा फोन काढला. आधी त्याला दिसले न घेतलेले फोन. वरपासून खालपर्यंत, बोटानं सरकवत गेला तरी संपेनात. कळंबचा चुलतभाऊ, डेपोतला जुना ड्रायव्हर, मामाकडचे, सासरवाडीचे. मग त्यानं ते निमंत्रण उघडलं आणि मोठ्यानं वाचलं.

"बब्रुवान काकांचं गोड जेवण. रविवार, दुपारी बारा. धाराशिव. सर्वांनी अगत्य यावे."

गुरुजींचा हात घड्याळाच्या पट्ट्यावरच राहिला. निकिता तेवढी एकेकाच्या तोंडाकडं बघत होती. "काय झालं? चुकलंय का काही? साखर बंद होणार म्हणून गोड जेवण. आमच्याकडं दिवाळीला म्हणतात ना, आज गोड जेवण आहे."

"अगं बाई," गिरिजाबाई भिंतीला टेकली, "माणूस मेल्यावर तेराव्याला घालत्यात त्ये गोड जेवण! दिवस झाल्यावर तोंड गोड करायचं त्ये! आन वर झेंडूची फुलं!"

निकितानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तिच्या आजवरच्या आयुष्यात घरात कुणी गेलं नव्हतं. तिला कुठून माहीत असणार?

"गुरुजी, तुमी तर मराठी शिकिवलं जन्मभर!" बब्रुवान कडाडला.

"मी खालची हॉटेलांची नावं बघितली फक्त," गुरुजी पुटपुटले. स्टेटसमध्ये नेमकी ती नावं कापली गेली होती. बंडप्पा म्हणाला, "अय्यय्यो, मला वाटलं मुद्दाम चेष्टा केलीय," आणि मग त्याला आतून हसू फुटायला लागलं. बब्रुवानलाही पहिला धक्का ओसरल्यावर गंमत वाटायला लागली. त्यानं कळंबच्या चुलतभावाला फोन लावला.

"हॅलो, कोण?" पलीकडून दबका आवाज आला.

"आरं म्या बब्रुवान."

पलीकडं काही पडल्याचा आवाज झाला आणि फोन बंद. बंडप्पा लोळायचाच बाकी राहिला. गुरुजी डोळे पुसत हसत होते. बब्रुवानही मांडीवर थाप मारून म्हणाला, "बगा की, मेल्यावर किती फोन येत्यात त्ये जित्यापणी कळलं!"

आणि त्याच वेळी फाटकाशी एका बाईनं हंबरडा फोडला.

बब्रुवान उठून उभा राहिला. आवाज त्यानं ओळखला होता. सात वर्षं ऐकला नव्हता तरी ओळखला. रामहरीची बायको, अयोध्या.

गिरिजाबाई धावली. अयोध्यानं फाटकातच तिच्या गळ्यात मिठी मारली आणि खांद्यावर डोकं टाकून रडू लागली. "आक्का, कसं वो झालं! आमाला सांगावं वाटलं न्हाय व्हय वो, आक्का!" गिरिजाबाई तिला आवरू बघत होती, पण अयोध्या ऐकायला तयार नव्हती. रडता रडता तिनं जावेचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि एकदम गप्प झाली. कपाळावर ठसठशीत कुंकू होतं. गळ्यात मंगळसूत्र. हातात हिरव्या बांगड्या.

"आक्का... कुंकू?"

"व्हय बाई. हायती त्ये. बरे हायती."

अयोध्याच्या मागं रामहरी उभा होता. एका हातात पितळी डबा, दुसऱ्या हातात दुखवट्याचे टॉवेल-टोपी. बब्रुवाननं त्याच्याकडं बघितलं. रामहरीचं डोकं गुळगुळीत होतं. मिशी नव्हती. ज्या मिशीसाठी रामहरी लोहाऱ्याच्या बाजारात ओळखला जायचा, ज्या मिशीला व्याह्यांच्या पंगतीतसुद्धा खाली उतरलेलं कुणी पाहिलं नव्हतं, ती सफाचाट होती. ओठाच्या वरची कातडी पांढरी आणि ओली दिसत होती. सकाळीच न्हाव्याला बोलावलं असणार. थोरला भाऊ गेला म्हणजे धाकट्यानं केस द्यायचे. दहावा दिवस हुकला म्हणून त्यानं तेराव्याला दिले होते.

रामहरीलाही बब्रुवान दिसला. नवा शर्ट, तेल लावलेला भांग, जिवंत. त्याच्या हातातून टोपी खाली पडली. तो पायरीवर बसला, बसला कसला, कोसळलाच. डबा तेवढा त्यानं छातीशी घट्ट धरला होता.

"आण्णा," तो म्हणाला.

बब्रुवान जवळ गेला. त्याच्या शेजारी पायरीवर टेकला.

"शेजारच्या पोरानं रात्री फोनवर दावलं," रामहरी सांगू लागला. तो बब्रुवानकडं बघत नव्हता, समोरच्या फाटकाकडं बघत होता. "म्हणलं, गोड जेवण हाय म्हणजे तेरा दिवस झाले. तेरा दिवस झाले आन मला कुणी सांगितलं पण न्हाय. जाळायला न्हेलं तवा पण बोलीवलं न्हाय. म्हणलं, आण्णानी सांगून ठिवलं आसंल, रामहरीला कळवू नका. लोक म्हणले फोन कर. कुणाला करू? ज्याला करायचा त्योच गेला."

"तसं न्हाय रं..."

"रातभर म्या बसून हुतो, आण्णा. माझंच चुकलं म्हणलं. सात वरीस लई झाले. उंबऱ्याला पाय नकोत म्हणलो, म्या म्हणलो, थोरल्या भावाला."

बब्रुवाननं खाली पडलेली टोपी उचलली. झटकली. आणि रामहरीच्या उघड्या डोक्यावर ठेवली. ओसरीवरचे तिघं एव्हाना भिंतीला चिकटून उभे होते. निकिता तर रडतच होती.

"मिशी कशाला काढलीस रं," बब्रुवान कसाबसा म्हणाला.

"बापाच्या वेळंला काढली हुती. त्येच्यानंतर आज."

मग बब्रुवानची नजर डब्यावर गेली. झाकणाच्या फटीतून वास येत होता, आणि तो वास कुठला हे त्याला सांगायला लागलं नाही. "डब्यात काय हाय?"

अयोध्यानं पदर पुढं ओढला आणि जावेला सांगितलं, "भाकरी हाय आन येसराची आमटी. त्येंच्या फोटोफुडं ठिवायला केली हुती. त्येंना आवडायची म्हणून."

"आण, ताट आण," बब्रुवान म्हणाला.

"आवो, मेलेल्याच्या नावानं केलेलं..." गिरिजाबाईचा आवाज चढला. "आपशकून हाय त्यो!"

"माझ्याच नावानं केलंय न्हवं? मग मीच खातो. कावळ्याला कशाला?"

ताट आलं. बब्रुवान ओसरीवर मांडी घालून बसला. रामहरीनं स्वतः डबा उघडला, वाटीत आमटी ओतली, भाकरी मोडून ठेवली. तांबूस तर्री, वरून कोथिंबीर, तोच रंग. बब्रुवाननं तुकडा बुडवला आणि तोंडात घातला.

मीठ नव्हतं.

कमी नव्हतं, अजिबातच नव्हतं. लक्षात यायला त्याला क्षणही लागला नाही. मेलेल्या माणसाच्या नावानं केलेला नैवेद्य, तो चाखून बघत नाहीत. रात्रभर जागलेली बाई, डोळ्यांत पाणी, चुलीपुढं बसून आमटी करणार, मीठ राहणारच. सगळं त्याला कळलं. आणि तोंडातला घास तसाच राहिला.

योगीराज गुरुजींनी त्याचा चेहरा वाचला. त्यांना हा चेहरा पाठ होता. आता जीभ सुटणार, हे त्यांना दिसलं आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

रामहरी समोर उकिडवा बसला होता. त्या डोक्यावरच्या नव्या टोपीत तो फार म्हातारा दिसत होता. त्यानं भावाचा थांबलेला जबडा बघितला, आणि त्याचा चेहरा एकदम त्या पंगतीतल्या दिवसासारखा झाला. अगदी हळू आवाजात त्यानं विचारलं.

"मीठ बराबर हाय का, आण्णा?"

बब्रुवाननं घास गिळला.

"बराबर हाय," तो म्हणाला. "एकदम बराबर. वाढ आजून."

गुरुजींनी खाडकन डोळे उघडले. गिरिजाबाईनं नवऱ्याकडं बघितलं, कारण त्याच्या आवाजात काहीतरी वेगळं होतं आणि संसार केलेल्या बाईला ते लगेच कळतं. ती आत गेली. बब्रुवान खात राहिला. दुसरी वाटी झाली. भाकरी चुरून, बोटं चाटून, पानातला थेंब न् थेंब पुसून तो खात होता, आणि मध्येच मनगटानं डोळे पुसत होता. तिखट लागलं असेल, असं बंडप्पाला वाटलं.

"तू बी बस," त्यानं रामहरीला म्हटलं. "सकाळपासनं पोटात काय न्हाय तुझ्या."

रामहरीनं त्याच ताटातला एक तुकडा घेतला, त्याच वाटीत बुडवला. तोंडात घातला. दोनदा चावला आणि थांबला. त्याचे डोळे विस्फारले. भाऊ जिवंत दिसला तेव्हासुद्धा त्याच्या चेहऱ्यावर एवढा धक्का नव्हता. त्यानं आधी अयोध्याकडं बघितलं, मग वाटीकडं, मग बब्रुवानकडं.

"आण्णा, ह्यात मीठ न्हाय."

"व्हय का?" बब्रुवाननं मान वर केली नाही. "मला न्हाय बाबा लागलं."

आतून गिरिजाबाई मिठाचं भांडं घेऊन दारात आली होती. बब्रुवाननं ताटावरचा डावा हात हलकेच हलवला, नको म्हणून. ती तिथंच थांबली. रामहरी ताटाजवळ सरकला, पदरानं डोळे पुसणाऱ्या बायकोला त्यानं हातानंच खाली बसायला सांगितलं, आणि दुसरा तुकडा मोडून घेतला.